कोड लिहिला, पण तपासला कोणी?

‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार देणारे यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात त्याने सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त किरणे दिली, काही दगावले. नंतर उघड झाले, की त्याचा प्रोग्राम एकाच माणसाने लिहिला होता आणि दुसऱ्या कोणी तो स्वतंत्रपणे तपासला नव्हता.

आज रुग्णनोंदींची काही सॉफ्टवेअर अनेक जण मिळून लिहितात. ‘ओपनएमआरएस’ हे त्यांपैकी एक. केनियातील एल्डोरेट येथे ते २००६मध्ये वापरात आले. छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात वापरले गेलेले ‘बाह्मनी’ याच पायावर उभे आहे. त्याचा कोड कोणालाही पाहता येतो, बदलही सुचवता येतो. मात्र थेट मूळ कोडला हात लावता येत नाही. आधी नोंदवलेली एखादी अडचण, म्हणजे ‘तिकीट’, आपल्याकडे घ्यायचे. कोडची स्वतंत्र प्रत काढून तिच्यात दुरुस्ती करायची आणि मग ती परीक्षणासाठी पाठवायची.

एका प्रस्तावात एकाच तिकिटाचे काम असावे, हा नियम नवख्यांना जाचक वाटतो. जाता जाता शेजारची चूकही सुधारली तर काय बिघडले? पण एका वेळी तीन नवी औषधे सुरू केली आणि अंगावर पुरळ उठले, तर दोष कोणाचा, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. दुरुस्तीसोबत तिची चाचणीही लिहायची असते. ती कोडबरोबर कायम राहते आणि पुढच्या प्रत्येक बदलाच्या वेळी पुन्हा चालते. परीक्षक वाक्यावाक्याला शंका काढतात. त्यात मानापमान आणू नये.

कोड न येणाऱ्या परिचारिकेलाही हातभार लावता येतो. ‘सिस्टिम चालत नाही’ एवढेच न कळवता कोणती आवृत्ती, कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबली, काय अपेक्षित होते, काय झाले, हे लिहावे. रुग्णाचे नाव मात्र कधीही जोडू नये.

टेक्सासमधील टायलर गावी ‘थेरॅक-२५’ची चूक अशाच तपशिलाने सापडली. कंपनीला ती पुन्हा घडवून दाखवता येत नव्हती. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ महिलेसोबत बसून तीच नोंद पुन्हापुन्हा करून पाहिली. चुकीची नोंद सराईत हाताने, काही सेकंदांतच दुरुस्त केली, की पडद्यावर ती दुरुस्त दिसे; यंत्र मात्र चुकीच्याच स्थितीत राही. सावकाश टंकले, तर काहीच बिघडत नसे.