फाल्गुनात धुऱ्यावरून

सरकारी व्याख्येत 2 हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे 5 एकरांपर्यंत जमीन असलेला तो अल्पभूधारक. राळेगाव तालुक्यातलं असं वावर धुऱ्याधुऱ्यानं पाव तासात फिरून होतं. घाई मात्र करू नये. महाशिवरात्रीनंतर ऊन चढतं, हरभऱ्याचे घाटे वाळून खुळखुळतात, तुरीच्या जागी तुराट्यांचा ढीग असतो. पळसावर पान नाही, नुसती केशरी फुलं. मधासाठी मैना आणि शिंजीर त्यावर तुटून पडतात. हीच फुलं उकळून होळीचा रंग होतो. मोह त्यानंतर फुलतो.

खरं निरखायचं ते पऱ्हाटीला. वेचणी संपूनही ती फरदडीसाठी उभी असेल, तर एखादं किडकं बोंड चिरून पाहा. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून गुलाबी बोंडअळी आत सुप्त पडलेली सापडते आणि पुढच्या खरिपापर्यंत तग धरू शकते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यानं तिचा तडाखा सोसला. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करा, असं कृषी विभाग सांगतो. ओलित असलेल्याला आणखी एका वेचणीचा मोह सुटत नाही, हे समजतं. पण पतंग धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या कपाशीवरही जातो.