अनामत रक्कम आणि बँकेतली नोंद

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून नामवंत विद्वान बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे सारे कारखान्याच्या फाटकावर आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा येथे अर्थशास्त्राचा सिद्धांत न सांगता एका कामगाराच्या चाळीस हजार रुपयांचा हिशेब मांडावा, हेच आम्हाला शोभेल.

हा कामगार म्हणजे लेथवर काम करणारा एक तरुण. लग्न ठरले म्हणून त्याने भाड्याची खोली पाहिली आणि दलालाने दिलेल्या खात्यावर अनामतीचे चाळीस हजार रुपये वर्ग केले. ताबा घ्यायला गेला तर खोलीला दुसऱ्याचेच कुलूप, आणि दलालाचा फोन बंद! चार दिवस त्याने स्वतःच शोधाशोध केली. पाचव्या दिवशी आमच्याकडे आला, तेव्हाही तो घाबरलेला नव्हता. फोनवरची नोंद दाखवून म्हणाला, "काका, रोख दिले असते तर गोष्ट वेगळी. हे बँकेतून गेलेत. बँक परत आणील."

बँकेतल्या अधिकाऱ्याने एवढेच विचारले, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" तो "हो" म्हणाला, आणि बोलणे तेथेच संपले. या एका प्रश्नात सारा विषय सामावलेला आहे.

खात्यातून पैसे जाण्याचे दोन प्रकार आहेत. एक, आपल्या संमतीवाचून कोणी ते काढणे. आणि दुसरा, फसून का होईना, आपण स्वतःच ते पाठवणे. पहिल्या प्रकारासाठी रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी नियम घालून दिले. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर तोशीस नाही, असे त्यांत म्हटले होते. ते नियम संमतीवाचून झालेल्या व्यवहारांपुरते होते. आमच्या तरुणाने आकडा स्वतः घातला होता, संमतीही स्वतःच दिली होती.

चेक दिला असता, तर तो वटण्यापूर्वी बँकेला कळवून थांबवता आला असता. क्रेडिट कार्डाने दिलेल्या रकमेबाबत, माल वा सेवा मिळाली नाही तर, बँकेमार्फत हरकत घेता येते. वर्ग केलेली रक्कम मात्र काही क्षणांत समोरच्याची होते. बँकेतली नोंद रक्कम कोणत्या खात्यावर गेली ते सांगते. कशासाठी गेली आणि समोरच्याने काय कबूल केले, हे ती सांगत नाही. ते सांगणारा कागद आपणच आधी तयार करावा लागतो.

म्हणून पहिली गोष्ट नावाची. एनईएफटीसारख्या व्यवहारात रक्कम जमा होते ती खातेक्रमांकावरून. पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दिसावे, अशी सोय एनईएफटी आणि आरटीजीएस यांसाठी 1 एप्रिल 2025 पर्यंत करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. यूपीआयमध्ये नाव दिसतेच. आमच्या तरुणालाही ते दिसले होते. ते ना घरमालकाचे होते, ना दलालाचे. "दलालाचा मेव्हणा असेल" असे म्हणून त्याने बटण दाबले.

दुसरी गोष्ट कराराची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तेव्हा आधी द्यायची ती थोडी विसाराची रक्कम, तीही पावती घेऊन. बाकीची अनामत नोंदणीच्या दिवशी, खुद्द मालकाच्या खात्यावर. नव्या इमारतीतल्या सदनिकेबाबत तर 2016 चा रेरा कायदा स्पष्टच आहे: नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. फसवणूक ध्यानात येताच त्याच तासाला 1930 या क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेतही लेखी तक्रार द्यावी. रक्कम पुढच्या खात्यात शिल्लक असेल तर ती तेथेच रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. आमच्या तरुणाचे चार दिवस शोधाशोधीत गेले. तोवर ते खाते रिकामे झाले होते.

माणसाने जपून वागावे, हे खरे; पण सारा भार एकट्या माणसावरच का? ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून निराळी रीत सुरू झाली. फसवणुकीला बळी पडून ग्राहकाने स्वतः पाठवलेली रक्कमही, 85,000 पौंडांच्या मर्यादेत आणि काही अटींवर, बँकांनी भरून द्यायची. आणि तो बोजा पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मा निम्मा सोसायचा. फसव्याला खाते उघडून देणारी बँकही त्यामुळे जबाबदारीत येते. ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. कारखान्यात यंत्राने बोट कापले तर "तूच हात घातलास" एवढ्यावर मालक सुटत नाही. ते तत्त्व कामगारांनी झगडून कायद्यात आणले. पैशाच्या यंत्रालाही तेच लागू व्हावे, ही मागणी संघटनांनी आणि ग्राहकांनी मिळून केली पाहिजे.

तोपर्यंत आमच्या कचेरीत आम्ही एक रिवाज पाडला आहे. ज्या कोणाला अनामत द्यायची असेल, त्याने पैसे पाठवण्यापूर्वी कागद घेऊन यावे. आम्ही चौघे बसून नाव, करार आणि खाते पडताळतो. अर्धा तास लागतो. त्या तरुणाचे लग्न ठरल्या तिथीला झाले. संसार मात्र भावाच्या खोलीत, मधे पडदा लावून सुरू झाला. आता दर शनिवारी कागद तपासायला तोही आमच्याबरोबर बसतो, आणि नाव जुळते का, हे सर्वांच्या आधी तोच विचारतो.