काच काळवंडते तेव्हा

घरात कोणाचे ना कोणाचे 'दुर्बिणीचे ऑपरेशन' झालेले असतेच. त्या दुर्बिणीतून पोटात उजेड पोचतो तो केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंमधून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून. मुतखडा फोडणारा लेसरही याच वाटेने जातो. पण या काचेला एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे रेडिएशन.

क्ष-किरण किंवा गॅमा किरण काचेतून गेले की तिच्यातले इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि काचेच्या रचनेत जिथे दोष असतील तिथे अडकतात. अशा जागा मग प्रकाश शोषू लागतात. साधी काच तर डोळ्यांना दिसेल इतकी तपकिरी होते. फायबरमध्ये निळा प्रकाश जास्त अडतो, अवरक्त कमी.

हे किती रेडिएशनने होते? कर्करोगाच्या उपचारात एका वेळी साधारण २ ग्रे मात्रा देतात. वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करायची रूढ मात्रा मात्र २५,००० ग्रे आहे. भारतात हे काम ट्रॉम्बेच्या 'आयसोमेड' प्रकल्पात १९७४ पासून सुरू झाले. मलमपट्टीच्या सामानाला एवढी मात्रा चालते, फायबर मात्र मंद पडू शकते. म्हणून शुद्ध सिलिकाचा गाभा असलेले फायबर निवडतात, नाहीतर गॅमाऐवजी इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात.

गंमत म्हणजे हाच दोष उपयोगीही पडतो. फॉस्फरस मिसळलेले फायबर लवकर काळवंडते. ते किती काळवंडले यावरून रेडिएशनची मात्रा मोजता येते.

किरणोपचारात आणखी एक युक्ती आहे. फायबरच्या टोकाला रेडिएशन पडताच चमकणाऱ्या प्लास्टिकचा छोटा तुकडा लावतात आणि त्याची चमक बाहेर मोजतात. पण वेगवान इलेक्ट्रॉनमुळे खुद्द फायबरही निळसर उजळते. हा चेरेन्कोव्ह प्रकाश. तो १९३४ मध्ये सापडला आणि त्यासाठी १९५८ चे नोबेल मिळाले. हा उजेड हिशेबात धरला तर मात्रा आहे त्याहून जास्त दिसेल आणि गाठीला उपचार कमी पडेल. म्हणून शेजारी तुकडा न लावलेले दुसरे फायबर ठेवून त्याचा उजेड वजा करतात.

ही वजाबाकी डॉक्टर एकटे करत नाहीत. त्यांच्याबरोबर मेडिकल फिजिसिस्ट असतो. भौतिकशास्त्र आवडणाऱ्या मुलामुलींनी, हेही एक करिअर आहे, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.