आजारी कामगाराची ‘स्वखुशी’

वर्षानुवर्षे कचऱ्याच्या गाड्या भरून, ड्रेनेज उपसून सफाई कामगाराचे शरीर झिजते. कुणाची दृष्टी जाते, कुणाचा पाय जातो. मग साहेब सांगतात, ‘‘तुझ्याच्याने आता काम होत नाही, स्वखुशीने राजीनामा दे.’’ घाबरलेला माणूस सही करतो. ही कसली स्वखुशी?

कायदा काय सांगतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. महापालिका, नगरपरिषदाही यात आल्या. १९९५ च्या जुन्या कायद्यातही हे संरक्षण होते. अपंगत्वामुळे पेन्शन देऊन घरी बसवले तरी हा हक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंग खटल्यात दिला.

अर्थात प्रत्येक आजार म्हणजे अपंगत्व नव्हे. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. म्हणून कामगार बांधवांनो, आधी तपासणी करून घ्या. राजीनाम्यावर सही करू नका. पर्यायी कामासाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मंजूर झालेला राजीनामा कोर्टात उलटवणे फार कठीण असते.

पण खाजगी कंत्राटदाराला हे कलम बांधत नाही आणि आज सर्वांत जीवघेणे काम कंत्राटी कामगाराच्याच माथी आहे. त्याच्या झिजलेल्या शरीराची जबाबदारी कोण घेणार? संघटनांनी हा प्रश्न आता महापालिकेच्या दारात नेलाच पाहिजे!