स्वर आणि व्होल्ट (भाग ६) : बोटाचा दाब कुठवर न्यायचा?

नायगाव-भोईवाड्यापासून लालबागपर्यंत गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पथक ज्यांनी जवळून ऐकलंय, त्यांच्या कानाला आजचा विषय आधीच ओळखीचा आहे. बेंजोची कळ दाबली की तारा जागच्या जागी दाबल्या जातात आणि स्वर ठरतो. पण बोट तिथेच थांबलं पाहिजे असं नाही. ते आणखी रेटलं की तारा ताणल्या जातात, स्वर किंचित चढतो. उजव्या हातातली पिक भरभर फिरवत वादक स्वर लांबवतो, तेव्हा डाव्या हाताचं बोट दाब कमी-जास्त करू शकतं. लांब स्वरात जीव येतो तो त्यामुळे. १९१२ साली जपानमधल्या नागोयात मोरिता गोरो यांनी ताइशोगोतो बनवलं. आपल्याकडे त्याचं बुलबुलतरंग झालं, आणि पिकअप नि अ‍ॅम्प्लिफायर लागल्यावर गिरणगावातला बेंजो.

सिंथेसायझरच्या पट्टीखाली तार नसते. तिथे दाब म्हणजे कमी-जास्त होणारा व्होल्टेज, आणि तो कशाला जोडायचा हे आपण ठरवायचं. स्वराची उंची, फिल्टरचा कटऑफ, आवाजाची पातळी, हवं तिथे. या जोडणीलाच मॉड्युलेशन राउटिंग म्हणतात. गेल्या आठवड्यात पाहिलेले एलएफओ आणि एन्व्हलप आपापल्या ठरलेल्या वेळेने चालतात. बोट मात्र गाणं त्या क्षणी काय मागतंय ते ऐकून चालतं. म्हणून माझं ठाम मत आहे की पहिली जोडणी दाबाची करावी, आणि ती अगदी थोडी करावी.

केर्सी लॉर्ड यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणलेल्या मिनीमूगला ही सोय नव्हती. १९७०च्या त्या मॉडेलच्या ४४ पट्ट्यांना बोटाचा जोर कळतच नसे. डाव्या बाजूला दोन चाकं होती, एक स्वर वाकवायला आणि एक मॉड्युलेशनला. कंप हवा असेल तर तिसरा ऑसिलेटर ‘लो’वर न्यायचा, स्विचने त्याचा कीबोर्डशी संबंध तोडायचा, आणि मग तो ऑसिलेटरकडे जावा की फिल्टरकडे हे आणखी दोन स्विचांनी ठरवायचं. राउटिंग जवळजवळ एवढंच. किंमतही मोठी होती, कारण कंपाला लावलेला तिसरा ऑसिलेटर आवाजातून जायचा. १९८२मध्ये चरणजीत सिंग यांनी डिस्को ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यांच्या हाताशी असलेल्या ज्युपिटर-८लाही पट्टी हळू वाजवली की जोरात, हे कळत नव्हतं. मींडेसाठी होती एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणारी पोर्टामेंटोची सोय.

२०१६मध्ये मिनीमूग पुन्हा बाजारात आला तो स्वतंत्र एलएफओ घेऊन, आणि व्हेलॉसिटी व आफ्टरटचचे व्होल्टेज बाहेर काढणारे जॅकही त्यावर आले. व्हेलॉसिटी म्हणजे पट्टी किती वेगाने खाली गेली ते. आफ्टरटच म्हणजे ती तळाला टेकल्यावर तुम्ही तिला आणखी किती रेटता ते. बेंजोवाल्याचं बोट जे करतं ते हे दुसरं.

आता जोडणी करू. आफ्टरटचच्या जॅकमधून केबल काढून थेट ऑसिलेटरला लावली तर काय होईल, याचा हिशेब आधी करा. मूगमध्ये एका व्होल्टला एक सप्तक. पूर्ण दाबाला समजा पाच व्होल्ट निघत असतील, तर बोट रेटताच स्वर पाच सप्तकं वर जाईल. एक अर्धस्वर म्हणजे व्होल्टचा बारावा भाग, सुमारे ८३ मिलिव्होल्ट. बेंजोसारखा चढ हवा तर साधारण ३० सेंट, म्हणजे अर्धस्वराचे तीनदशांश पुरतात, म्हणजेच २५ मिलिव्होल्ट. पाच व्होल्टचा दोनशेवा भाग! त्यामुळे मध्ये व्होल्टेज घटवणारा अ‍ॅटेन्युएटर हवाच, आणि त्याची खुंटी शून्यापासून सुरू करून केसभर फिरवायची.

तोच दाब फिल्टरकडे मात्र सढळ हाताने पाठवा. नायगावातच जन्मलेल्या शाहीर विठ्ठल उमप यांची लांब पुकार लक्ष देऊन ऐका. गळ्यावर जोर आला की आवाज मोठा होतो, त्याहून जास्त तो उजळतो. उजळणं म्हणजे वरचे स्वरांश मोकळे होणं, आणि सिंथवर ते काम कटऑफचं. व्हेलॉसिटीही मी नुसत्या पातळीला न जोडता फिल्टरच्या एन्व्हलपला जोडेन. जोरात छेडलेली तार मोठी वाजते, तशी टोकदारही वाजते.

एक अडचण लगेच जाणवेल. जलद तान जोरात वाजवली की बोटं तळाला आपटतात, आफ्टरटच नको तिथे जागा होतो आणि प्रत्येक स्वर चढा लागतो. दाबाच्या वाटेत लॅग, म्हणजे व्होल्टेजला सावकाश चढू देणारं सर्किट ठेवलं की हा क्षणिक धक्का विरतो आणि मुद्दाम दिलेला दाब तेवढा पोचतो.

दरबारी कानड्याच्या कोमल गंधारासाठी हेच राउटिंग उलटं करावं लागतं. आफ्टरटच स्वर वर ढकलतो, पण तिथलं आंदोलन खाली रिषभाकडे झुकतं. इन्व्हर्टर लावून मात्रा उलटी करा आणि ती वाढवून जवळजवळ अर्धस्वरापर्यंत न्या. मग गंधार धरून बोट रेटलं की स्वर खाली उतरेल. इथे एलएफओ लावायचा मोह होतो. तो टाळा. त्याचा प्रत्येक हेलकावा मोजून सारखा असतो, आणि दरबारीचा गंधार तसा कधीच लागत नाही.

मिनीमूग एका वेळी एकच स्वर वाजवतो, त्यामुळे दाब कोणत्या बोटाचा हा प्रश्न त्यावर येत नाही. अनेक स्वरांच्या सिंथवर सहसा सगळ्या पट्ट्यांचा मिळून एकच दाब मोजला जातो. एक बोट रेटलं की अख्खा कॉर्ड वाकतो. प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा ओळखणाऱ्या यामाहा सीएस-८०कडे पुढच्या आठवड्यात वळू.