दौलताबादच्या सांकेतिक टंक्यावरील लेख

छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस सुमारे १५ किलोमीटरांवर असलेल्या देवगिरीस मुहम्मद तुघलकाने इ. स. १३२७ च्या सुमारास आपली राजधानी नेली आणि पुढे हिजरी ७३० ते ७३२ (इ. स. १३२९ ते १३३२) या काळात पितळ व तांबे यांची नाणी चांदीच्या टंक्याच्या किमतीने चालविण्याचा हुकूम काढला. हा प्रयोग फसला, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्या नाण्यावर काय लिहिले होते, आणि कोणत्या भाषेत, याकडे वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः त्या नाण्यात त्या लेखाखेरीज किमतीचे असे दुसरे काहीच नव्हते.

त्यापूर्वी देवगिरीच्या बाजारात यादवांचे सोन्याचे पद्मटंक चालत. वजन सुमारे पावणेचार ग्रॅम, आकार किंचित खोलगट, मध्ये कमळ व भोवती राजनामाचे व चिन्हांचे ठसे. 'टंक' हे मुळात वजनाचे नाव. त्यावरून ते नाण्याचे झाले, आणि नाणी पाडण्याच्या जागेस टंकशाला, म्हणजे आपली टांकसाळ, हे नाव पडले. महमूद गझनवीने हिजरी ४१८ मध्ये पाडलेल्या द्विभाषी नाण्यावर अरबी 'दिरहम'साठी संस्कृत लेखात 'टंक' हाच शब्द योजिला आहे. दिल्लीच्या सुलतानांनी तो उचलला. पण फारसीत ट हा वर्ण नसल्याने लिहिताना त्याचा 'तंका' झाला.

दौलताबादच्या सांकेतिक टंक्यावर दोन भाषा आहेत. 'जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमदयाळू ईश्वराची आज्ञा पाळतो' या अर्थाचे वचन अरबीत आहे. व्यवहाराचा मजकूर मात्र फारसीत आहे. तो असा : 'मुहर शुद तंका-इ-राइज दर रोजगार-इ-बंदा-इ-उम्मीदवार मुहम्मद तुघलक.' म्हणजे 'ईश्वरकृपेची आशा धरणारा दास मुहम्मद तुघलक याच्या काळात चलनी टंका म्हणून मुद्रांकित झाला.' पुढे 'तख्तगाह-इ-दौलताबाद' हे स्थळ व 'साल' या शब्दानंतर अक्षरी वर्ष : हफ्तसद सी, म्हणजे सातशे तीस.

फारसी न शिकलेल्या मराठी वाचकासही या लेखातील निम्मे शब्द ओळखीचे वाटतील. ते या नाण्यामुळे मराठीत आले असे नव्हे. पुढील तीन-चार शतकांच्या दफ्तरी व्यवहाराने ते रुजविले. पण रुजताना त्यांचे अर्थ पालटले, ते पाहण्याजोगे आहे. नाण्यावरचा 'रोजगार' म्हणजे काळ, राजवट. मराठीत तो उपजीविकेचा उद्योग झाला. 'उम्मीदवार' म्हणजे ईश्वराच्या दयेची आशा करणारा. मराठीत तो प्रथम नोकरीच्या आशेने कचेरीत राबणारा व आता निवडणुकीस उभा राहणारा. 'मुहर' म्हणजे शिक्का. पुढे सोन्याच्या नाण्यालाच मोहर म्हणू लागले. 'राइज' शब्द आला नाही, तरी त्याच अरबी धातूचा 'रिवाज' आला. 'बंदा' मात्र जपून घ्यावा : खणखणीत 'बंदा रुपया' म्हणताना अभिप्रेत असलेला न मोडलेला, सबंध असा अर्थ या दासवाचक शब्दाशी जुळत नाही.

आता प्रश्न असा की, हा लेख वाचणार कोण होते? बलबन किंवा गियासुद्दीन तुघलक यांच्या मिश्रधातूच्या लहान नाण्यांवर 'श्री सुलतां गयासुदीं' अशी नागरी अक्षरे आढळतात. ज्या नाण्याला केवळ शब्दांचा आधार होता त्या टंक्यावर नागरी अक्षर नाही. मराठी बोलणाऱ्या देवगिरीच्या बाजारात वाणी व सराफ नाणे पारखीत ते वजनाने, नादाने व कसाने. आणि तिथे पितळ ते पितळच होते.

बनावट नाण्यांचा सुळसुळाट होण्याचे कारणही हेच. चीनमधील कागदी चलनाचे उदाहरण सुलतानापुढे असावे, असे अभ्यासक मानतात. परंतु तेथे नकलेविरुद्ध मोठा बंदोबस्त असे. इराणात तब्रिझ येथे १२९४ मध्ये असेच कागदी चलन काढले होते व ते लवकरच मागे घ्यावे लागले, हा ताजा अनुभव होता. पितळेवर अक्षरे उठविणे कोणत्याही तांबटास अवघड नव्हते. समकालीन इतिहासकार झियाउद्दीन बरनी म्हणतो की, हिंदूंचे घर न् घर टांकसाळ झाले आणि खोत व मुकद्दम त्यावर गबर झाले. बरनीचा हिंदूंविषयीचा आकस प्रसिद्ध आहे, तेव्हा दोष एका समाजाच्या माथी मारणारा त्याचा शब्द जसाच्या तसा घेता येत नाही. पण सारा त्याच नाण्यांत भरला जाऊ लागला व खरे सोने-चांदी लोकांनी दडवून ठेवले, हे त्याचे निरीक्षण अर्थव्यवहाराच्या स्वभावाशी जुळते.

अखेर सुलतानाने हुकूम मागे घेतला व सांकेतिक नाणी आणणाऱ्यास खजिन्यातून सोने-चांदी मोजून दिली. परत आलेल्या तांब्याचे ढीग तुघलकाबादेत डोंगरासारखे पडून होते, असे बरनीने नमूद केले आहे. पुढे १३४७ मध्ये याच दौलताबादेस अलाउद्दीन बहमनशहाने स्वतंत्र राज्याची घोषणा केली. त्याने टंका पाडला तो पुन्हा चांदीचा.