चंद्रावर जाऊन आलेलं कापड

विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे अमेरिकेतल्या डेटन शहरातले सायकलवाले. विमानाला हवं तसं हलकं इंजिन त्यांना कुणी बनवून देईना. अखेर त्यांच्याच दुकानातला कारागीर चार्ली टेलर कामाला लागला आणि सुमारे सहा आठवड्यांत त्यानं चार सिलिंडरचं, 12 अश्वशक्तीचं इंजिन उभं केलं. वजन वाचावं म्हणून मुख्य सांगाडा ॲल्युमिनियममध्ये ओतला होता. ना कार्बोरेटर, ना स्पार्क प्लग! पेट्रोल वरच्या टाकीतून आपसूक खाली उतरे आणि इंजिनाची ताकद साखळ्यांवाटे दोन पंख्यांपर्यंत पोचे.

17 डिसेंबर 1903 रोजी पहिलं उड्डाण 12 सेकंद टिकलं. त्याच दिवशीचं चौथं 59 सेकंदांचं, 852 फुटांचं. मग वाऱ्यानं विमान उलथवलं. ते पुन्हा कधीच उडालं नाही.

पुढे श्रेयाचा वाद पेटला. स्मिथसोनियन संस्थेनं आपले दिवंगत सचिव सॅम्युएल लँग्ली यांच्या विमानाला झुकतं माप दिलं. चिडलेल्या ऑर्व्हिल यांनी 1928 साली आपलं विमान थेट लंडनच्या सायन्स म्युझियमला धाडलं. संस्थेनं 1942 मध्ये माघार घेतली आणि 1948 मध्ये विमान मायदेशी परतलं.

आता ते वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमच्या संग्रहात आहे. अपोलो 11 चं 'कोलंबिया' यानही याच संग्रहातलं. जुलै 1969 मध्ये नील आर्मस्ट्राँग यांनी राइट बंधूंच्या विमानाच्या कापडाचे आणि लाकडाचे तुकडे चंद्रावर नेले, तेव्हा त्या पहिल्या उड्डाणाला 66 वर्षंही पुरी झाली नव्हती.